दगडाच्या वरचं ‘तू’

आमच्या गावातून ग्रेबेनच्या डोंगरावर जाणारी पायवाट बीच झाडांच्या रानातून वर चढते आणि रान संपता संपता एका उभ्या दगडापाशी येते. त्या दगडावर कुणीतरी फार पूर्वी लाल रंगात हजाराचा आकडा काढला आहे. म्हणजे समुद्रापासून इथपर्यंत एक हजार मीटर झाले. रंग उडाला की गिर्यारोहण मंडळातलं कुणीतरी डबा घेऊन जातं आणि तो पुन्हा गिरवतं.

या दगडाच्या खाली आम्ही एकमेकांशी रीतीप्रमाणे बोलतो. मोठ्यांना तुम्ही, अनोळखी माणसाला तुम्ही, पाद्रीबुवांना आणि डॉक्टरीणबाईंना तर तुम्हीच. दगड ओलांडला की सगळे ‘तू’ होतात. तिथून पुढे न्यायाधीशही तू आणि त्यांनी ज्याला दंड केला तोही तू. उतरताना त्याच दगडापाशी माणसं पुन्हा ‘तुम्ही’ होतात. बाहेरून आलेलं कुणी वरती चुकून ‘तुम्ही’ म्हणालं, तर पुढच्या झोपडीत त्याने सगळ्यांना चहा पाजायचा असतो. आमच्यापैकी कुणी चुकलेलं मात्र मी एकदाच पाहिलं. गेल्या वर्षी, जूनच्या शेवटच्या रविवारी, माझी सून नेझा चुकली.

नेझा मुरा नदीकाठच्या सपाट मुलखातली. तिकडे सगळ्यात उंच म्हणजे चर्चचा मनोरा आणि त्यावर करकोच्याचं घरटं. त्यामुळे तिकडे मोठ्या माणसांना ‘तू’ म्हणायची वेळच येत नाही. माझा मुलगा ब्लाज मला लहानपणापासून ‘तू’ म्हणतो, म्हणून लग्नानंतर मी तिलाही म्हटलं होतं, की तूही तसंच म्हण.

“नाही जमायचं, बाबा,” ती म्हणाली. “माझ्या आजीने कान उपटला असता.”

मग एका रविवारी आम्ही तिघं डोंगरावर गेलो. ब्लाजने तिला दगड दाखवला, नियम सांगितला. ती दगडापाशी थांबली, एक पाय पलीकडे टाकला आणि म्हणाली, “बाबा, तू फार हळू चालतोस.” मग पाय मागे घेतला आणि म्हणाली, “बाबा, तुम्ही फार हळू चालता.” दोन-तीन वेळा तिने पाय मागेपुढे केला. नवीन सायकलची घंटा वाजवून बघावी तसं. त्या दिवसापासून आमच्या नात्याचे दोन मजले झाले. खालच्या मजल्यावर ती मला कोट काढून द्यायची, आधी माझं ताट वाढायची. वरच्या मजल्यावर माझ्या पिशवीतली बिस्किटं न विचारता काढायची.

मला दोन्ही आवडायचं. माझा जन्म मुद्रितं तपासण्यात गेला, बहुतेक शाळेच्या पुस्तकांची. एखादा शब्द आपल्या जागी आहे की नाही, एवढंच मला थोडंफार कळतं. गावात त्यावरून चेष्टाही होते. खाणावळीत गेलो की कुणीतरी पदार्थांची पाटी पुढे करतं, “सिरिल, बघ रे, सूपमध्ये काही चूक आहे का.”

नेझा इथे गणित शिकवायला आली होती, आणि धावायला इथेच शिकली. चढावर धावणं हा आमच्याकडचा जुना नाद आहे. दर जूनमध्ये गावातल्या पाणवठ्यापासून ग्रेबेनच्या माथ्यापर्यंत शर्यत असते. माथ्यावर लाकडी चौकटीत एक घंटा टांगलेली आहे. पोचणाऱ्याने ती वाजवायची. वारा बरा असेल तर गावात ऐकू येते. नेझाने ती चार वर्षं लागोपाठ वाजवली. पाचव्या वर्षी तिला दिवस गेले होते. सप्टेंबरमध्ये ब्रीना झाली.

ब्रीना गोड मुलगी आहे, फक्त ती झोपत नसे. दिवसा थोडी झोपायची, तीही कुणाच्या तरी खांद्यावर. रात्री दर तासाला उठायची. आमचं घर दोन मजली आहे. मी खाली, ते तिघं वर. ब्लाज कागदाच्या कारखान्यात पाळीवर काम करतो आणि घरी आला की ओंडक्यासारखा पडतो. मला मात्र छतातून सगळं ऐकू यायचं. आधी रडणं, मग नेझाची पावलं, खिडकीपासून दारापर्यंत आणि परत. मी उठून बसायचो. कधी जिन्यापर्यंतही जायचो. पण तरुण जोडप्याच्या खोलीवर सासऱ्याने रात्री टकटक करायची, हे मला कसंसंच वाटायचं. मग परत येऊन पडायचो.

सकाळी उजाडताना मात्र मी कामाचा होतो. नेझा ब्रीनाला माझ्या मांडीवर द्यायची, बुटांच्या नाड्या आवळायची आणि रानात नाहीशी व्हायची. दगडापर्यंत जाऊन परत. येताना तिचे गाल लाल असायचे आणि चेहऱ्यावर, कसं सांगू, पत्ता लिहिलेल्या पाकिटासारखा भाव असायचा. मग ब्रीनाला घेऊन ती विचारायची, “त्रास दिला का तुम्हाला?” मी म्हणायचो, “नाही.” ब्रीनाने तोवर माझा चष्मा चावलेला असायचा.

फेब्रुवारीत नेझाला न्यूमोनिया झाला. आठवडाभर ती दवाखान्यात होती. परत आली तेव्हा जिना चढताना मध्येच थांबून कठड्याला धरायची. मार्चमध्ये ती दारापासून फाटकापर्यंत चालली. एप्रिलमध्ये पाणवठ्यापर्यंत. मे महिन्यात एका सकाळी तिने ब्रीनाला माझ्या मांडीवर ठेवलं आणि बुटांच्या नाड्या आवळल्या.  शर्यतीत नाव दिल्याचं तिने जेवताना सांगितलं, मीठ मागावं इतक्या सहज.

दुसऱ्या दिवशी ब्लाजने मला लाकडं रचायला बोलावलं. लाकडं रचायला त्याला माझी गरज नसते.

“बाबा, तू सांग तिला.”

“काय सांगू?”

“की यंदा पळू नकोस. डोंगर काय पुढच्या वर्षी दुसऱ्या गावी जाणार आहे?”

“नवरा तू आहेस. तू सांग.”

“सांगितलं. तर म्हणाली, तू घोरतोस, तुला काय कळणार.” त्याने एक ओंडका फिरवून बसवला. “आणि ते खरंच आहे. मला ब्रीनाचं रडणं ऐकूच येत नाही. कारखान्यात यंत्राचा आवाज ऐकून ऐकून कान मेलेत माझे.”

“मला येतं ऐकू.”

“मग तर तूच सांग. तुझं ऐकते ती.”

“माझं कुणी ऐकत नाही, ब्लाज.”

“कारण तू बोलत नाहीस.”

मी बेत केला, की बोलायचं ते दगडाच्या वर गेल्यावर. वर आम्ही बरोबरीचे होतो. ‘तू हे करू नकोस’ असं वाक्य वर जास्त सोपं जाईल असं वाटलं. त्या रविवारी नेझा ब्रीनाला पाठीवरच्या झोळीत घालून निघाली आणि मी मागोमाग निघालो. वाटेत वाक्य मनात घोळवत होतो. इतकं घोळवलं, की दगडाशी पोचेपर्यंत त्याला काही चवच उरली नाही.

दगडाच्या वरच्या गवतात आम्ही बसलो. ब्रीना झोळीतच झोपली होती. नेझाने माझ्या पिशवीतून बिस्किटं काढली.

“तुला ब्लाजने पाठवलंय ना?” ती म्हणाली.

“हो.”

“मग बोल की.”

“मी म्हणणार होतो, की तू दमलेली दिसतेस.”

“आहेच मी दमलेली. घरी बसले तरी दमलेलीच असते. दमायचंच आहे तर इथे येऊन दमते.”

“डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या?”

“म्हणाल्या, फुप्फुसं साफ आहेत, हळूहळू धावा, आणि झोप घ्या. मी म्हटलं, झोप कुठल्या दुकानात मिळते? तर हसायला लागल्या. त्यांना तीन मुलं आहेत.”

मी गवत उपटत होतो. तिने मान वळवून ब्रीना झोपलीय ना ते पाहिलं. मग हलक्या आवाजात म्हणाली, “बाबा, मी दिवसभर ब्रीनाची आई असते. रात्रभर ब्रीनाची आई असते. दवाखान्यात नर्स तपासायला यायची, तीसुद्धा म्हणायची, चला ब्रीनाच्या आई, ताप बघू. मला ब्रीना नको आहे असं नाही रे. पण वर घंटा वाजवते तेव्हा मी नुसती नेझा असते. ती अजून शिल्लक आहे का, एवढं मला एकदा बघायचंय. नंतर वर्षभर घरी बसेन.”

मी बिस्किटांचा पुडा तिच्याकडे सरकवला. 

“शर्यतीच्या दिवशी तू वाटेतल्या चहाच्या टेबलावर असशील ना?” तिने विचारलं.

“असेन.”

“मग झालं. तुझ्या हातचा चहा प्यायचा आणि कड्यावरून सरळ वर.”

ब्लाजला मी सांगितलं, की बोललो. काय बोललो ते त्याने विचारलं नाही.

शर्यतीच्या आठवड्यात ब्रीनाला सर्दी झाली. झोपमोड आणखी वाढली. छतावरची पावलं आता खिडकी आणि दार सोडून वेड्यावाकड्या रेघेत चालत होती. शनिवारी नेझाचा घसा बसला होता. मी बघतोय हे पाहून ती म्हणाली, “ब्रीनाचीच सर्दी आहे, बाबा. तुम्ही काळजी करू नका.” रविवारी पहाटे मी निघालो तेव्हा ती स्वयंपाकघरात उभ्याने पाव खात होती. तिने हात हलवून मला बाय केलं, ते ब्रीनाचा पाळणा डोलवावा तसं.

चहाचं टेबल दगडाच्या बरंच वर, खिंडीतल्या कुरणात असतं. तिथे गुराख्यांची एक झोपडी आहे. खिंडीच्या पुढे गवत संपतं आणि कडा सुरू होतो. माथ्यापर्यंतची वाट कड्याच्या कडेकडेने जाते, एका बाजूला खडकात ठोकलेली लोखंडी दोरी आणि दुसऱ्या बाजूला काही नाही. सवय असलेल्याला ती अवघड नाही. पण तिथे पाय कुठे पडतोय हे ठाऊक असावं लागतं.

टेबलाचा कारभार रोझालियाकडे असतो. ती गावात पोस्टमन होती. आता निवृत्त झाली आहे, पण अजून सगळ्यांच्या घरी कुठून काय येतं याची तिला माहिती असते.

“सिरिल, चहात साखर घातलीस का नुसते स्वल्पविराम?”

“साखर घातली. चाखून बघ.”

“नको. तू घातलीस म्हणजे मोजून घातली असशील. आणखी थोडी टाक. पळणाऱ्यांना गोड लागतं.”

ऊन चढलं. गाईंच्या घंटा वाजत होत्या. मग पहिले धावणारे रानातून वर आले. उघड्या पाठींची, बारीक पोटऱ्यांची पोरं. पेला घेतला, ओठांना लावला, फेकला, गेली. रोझालिया पेले वेचत त्यांच्यामागे ओरडायची, “तुझी आई आली असती तर तिने उचलला असता का?” मग दोन बायका आल्या, पाठोपाठ. मग पुन्हा पुरुष. आणि मग नेझा.

ती धावत आली. तोल जात नव्हता, श्वासही फार वाईट नव्हता. गाल लाल होते, पण सगळ्यांचेच लाल होते. डोळ्यांत थोडी चमक जास्त होती. ती टेबलापाशी थांबली, माझ्याकडे बघून छान हसली आणि म्हणाली, “बाबा, थोडा चहा देता का? तुम्ही केलाय म्हणजे गोडच असणार.”

मी पेला पुढे केला आणि माझा हात मध्येच थांबला.

“बघ,” रोझालिया म्हणाली, “इतकी धावून आली तरी सासऱ्याचा मान ठेवते. माझी सून मला खाली दरीतसुद्धा ‘ए’ म्हणते. चल, नेझा, पुढे दोघीच आहेत. आणि परत आलीस की चहा तुझ्याकडून. दंड आहे तुला.”

नेझा हसली, पण दंडाचं तिला कळलेलं दिसलं नाही. ती चहा प्यायली. मी उभा होतो. माझ्या डोक्यात एवढंच चाललं होतं, की सिरिल, तू पुन्हा चुका शोधतो आहेस. थकलेल्या माणसाच्या तोंडी सवयीचा शब्द येतो. त्यात काय? एका सर्वनामासाठी तू पोरीची शर्यत थांबवणार? लोक वर्षभर हसतील, आणि ती तर कधीच माफ करणार नाही. तिने सांगितलं होतं, तिला काय बघायचंय ते.

पण ‘तुम्ही’ ही तिची सवय खालची होती. वरची सवय ‘तू’ होती, आणि एवढ्या वर्षांत ती कधीच चुकली नव्हती. पावसात नाही, धुक्यात नाही. एकदा घोटा मुरगळला होता, तेव्हाही नाही. त्या दिवशी मी तिला आधार देऊन उतरवत होतो. दगडापर्यंत ती मला शिव्या देत होती ‘तू’ म्हणून, आणि दगडाच्या खाली आल्यावर ‘तुम्ही’ म्हणून. आता ती ‘तुम्ही’ म्हणत होती, म्हणजे आपण खाली आहोत असं तिला वाटत असेल तर? आणि खाली आहोत असं वाटणारं माणूस त्या दोरीच्या वाटेवर कसं पाठवायचं?

“नेझा,” मी म्हटलं, “आता पुढे काय आहे?”

तिने पेल्यात बघितलं. मग माझ्याकडे. “पुढे जिना आहे ना,” ती कुजबुजली. “हळू बोला, बाबा. आत्ताच झोपलीय.”

रोझालियाच्या हातातले पेले खाली पडले.

लगेच नेझाने मान हलवली, डोळे चोळले. “नाही, कडा. कडा आहे पुढे. माहितीये मला. बोलता बोलता चुकलं. जाते मी.”

“तू जाऊ नकोस,” मी म्हटलं.  मी टेबलाला वळसा घालून तिच्यासमोर येऊन उभा राहिलो. आयुष्यात मी कुणाची वाट अडवल्याचं मला आठवत नाही. खाणावळीत गर्दी असली तर मी बाहेर थांबतो. “नेझा, तू इथे थांबतेयस.”

“पुढे दोघीच आहेत.”

“असू देत.”

“मी काल रात्रीपासून याचीच वाट बघतेय. बाबा, मी तुमच्याकडे कधी काही मागितलंय?”

“नाही मागितलंस.”

“मग मला जाऊ द्या. तुम्ही तरी असं करू नका.”

“नेझा, तू मला ‘तुम्ही’ म्हणतेयस,” मी म्हटलं.

तिला कळलं नाही. “मग काय म्हणू?”

आणि मग ती थबकली. तिने आजूबाजूला पाहिलं, अगदी हळू, एकेक वस्तू पाहावी तसं. कुरण, गाई, झोपडी, खडकावरून वर जाणारी दोरी. एक धावणारा आला, पेला घेऊन गेला. ती त्याच्याकडे पाहत राहिली.

“मी ‘तुम्ही’ म्हटलं?”

“आल्यापासून म्हणतेयस.”

तिच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. “मला वाटत होतं आपण...” ती म्हणाली. आपण कुठे आहोत असं तिला वाटत होतं, ते मी कधी विचारलं नाही. ती गवतात खाली बसली. थोड्या वेळाने तिने छातीवरच्या नंबराच्या कापडाकडे हात नेला, पण तिच्या बोटांना पिना उघडेनात. मी गुडघे टेकून त्या उघडल्या.  एक पीन मला टोचली.

“रक्त आलं तुला,” नेझा म्हणाली.

‘तुला’. मी बोट तोंडात घातलं.

डोंगरी बचाव पथकातला एक तरुण खिंडीत होता. त्याने ताप बघितला, भुवया उंचावल्या, तिच्या कानाला लावलेलं यंत्र झटकून पुन्हा एकदा बघितला. छाती ऐकली, पाणी पाजलं, कपाळावर ओलं फडकं ठेवलं. आपल्या वरिष्ठांशी बिनतारी यंत्रावर बोलला. झोपू दे, म्हणाला, मी इथेच आहे, दर थोड्या वेळाने बघतो. झोपडीत गुराख्याच्या बाकावर आम्ही तिला झोपवलं. रोझालियाने दोन घोंगड्या टाकल्या आणि माझ्याकडे वळून म्हणाली, “मला तर काहीच दिसलं नाही, सिरिल. चांगली धडधाकट बोलत होती.”

“बोलत होती चांगलीच.”

“मग तुला कसं कळलं?”

“एक शब्द चुकला.”

तिने मला नीट न्याहाळलं. चेष्टा करणार असं वाटलं. पण तिने चहाचं भांडं उचललं आणि बाहेर गेली.

ब्लाजला फोन केला. तो म्हणाला, “येऊ का वर?” मी म्हटलं, ब्रीनाला घेऊन गाडीने रानातल्या कच्च्या रस्त्यावर ये, दगडाच्या खाली, संध्याकाळपर्यंत आम्ही तिथे उतरतो. तो म्हणाला, “बरं.” मग म्हणाला, “बाबा, तू थांबवलंस तिला?” मी म्हटलं, “ती थांबली.” ते बऱ्यापैकी खरं होतं.

मी झोपडीच्या उंबऱ्यावर बसून राहिलो. माथ्यावरची घंटा अधूनमधून वाजत होती. प्रत्येक वेळी मी मागे वळून बघायचो, तिला ऐकू जातंय का म्हणून. ती तोंड उघडं टाकून झोपली होती, एक हात बाकाखाली लोंबत होता. घंटा वाजल्या, गाई हंबरल्या, बक्षिसं घ्यायला खाली निघालेली पोरं आरडाओरडा करत गेली. रोझालियाने भांडी घासली. नेझा हलली नाही. इतकं शांत झोपलेलं माणूस मी आमच्या घरात बऱ्याच महिन्यांत पाहिलं नव्हतं. मनात आलं, हिला शर्यत नको होती आणि घंटाही नको होती, हे एवढंच हवं होतं. मग वाटलं, असं म्हणणारा मी कोण? तिला दोन्ही हवं असेल.

ऊन कलल्यावर ती उठली. कपाळ ओलं होतं, ताप उतरला होता. रोझालियाने तिला जवाचं सूप पाजलं. पथकातल्या मुलाने पुन्हा तपासलं आणि हळूहळू उतरा, उद्या डॉक्टरांकडे जा, असं सांगून तोही आमच्याबरोबर थोडा मागे राहून निघाला.

कुरणातल्या गाई मागे पडल्या.

“उद्या मी तुझ्यावर चिडणार आहे,” नेझा म्हणाली.

“चीड.”

“आज ताकद नाही, म्हणून.”

“मला कळतंय.”

“घंटा ऐकू आली मला. स्वप्नात. मला वाटलं मीच वाजवतेय.” थोडं चालून ती म्हणाली, “खरंच जिना दिसत होता मला, बाबा. आपला जिना. आणि वर खोलीत ब्रीना. मी त्या दोरीवर गेले असते.”

मी मान हलवली. 

रानाच्या तोंडाशी दगड आला. लाल आकड्यावर उन्हाची तिरीप पडली होती. मी आधी उतरलो, तिला हात दिला. दगड मागे पडला. आम्ही पाच-दहा पावलं गेलो असू, तोच ती मागून म्हणाली, “बाबा, तू फार हळू चालतोस.”

 मी गर्रकन वळलो. ती झाडाच्या मुळीवर बसली होती आणि खोकत खोकत हसत होती.

“घाबरलात?”

“हो.”

“मुद्दाम म्हटलं.”

“असं मुद्दाम करू नये, नेझा.”

“दंड द्यावा लागेल का चहाचा?”

“खाली चुकलं तर दंड नसतो. वरचा मात्र बाकी आहे. रोझालिया विसरणार नाही.”

ती उठली. झाडांच्या मधून खाली कच्चा रस्ता आणि आमच्या गाडीचं छत दिसायला लागलं. ती एका झाडाला धरून थांबली. मला वाटलं, दम लागला. पण ती काहीतरी जुळवत होती, मला वाक्य जुळवणाऱ्याचा चेहरा ओळखता येतो.

“बाबा, आज रात्री ब्रीनाला तुम्ही खाली घ्याल का? फक्त आजची रात्र.”

“घेईन.”

“रडेल ती.”

“रडू दे. मी तसाही जागाच असतो.”

“म्हणजे?” ती माझ्याकडे बघत राहिली. “तुम्हाला खाली ऐकू येतं?”

“सगळं.”

“मग कधी वर का नाही आलात?”

“तू बोलावलं नाहीस.”

“मला वाटलं तुम्ही झोपलेले असता,” नेझा म्हणाली. “सासऱ्याला काय झोपेतून उठवायचं?”

 मला जिन्याच्या पहिल्या पायरीवर अंधारात उभा असलेला मी दिसत होतो. तिला काय दिसत होतं माहीत नाही.

“फक्त आज कशाला,” मी म्हटलं. “तू बरी होईपर्यंत घेतो. मग एक दिवसाआड. म्हणजे, चालणार असेल तर.”

“चालेल,” ती म्हणाली, आणि मग घसा साफ करून, “म्हणजे सप्टेंबरपर्यंत मला पुन्हा धावायला...”

“सप्टेंबरचं सप्टेंबरमध्ये बघू.”

“हो, बाबा.”

ब्लाजने आम्हाला पाहिलं आणि आनंदाने गाडीचा हॉर्न वाजवला. मागच्या सीटवर ब्रीना झोपली होती. ती दचकून उठली आणि तिने भोकाड पसरलं.

“झालं,” नेझा म्हणाली. तिने गाडीचं मागचं दार उघडलं, पण स्वतः आत वाकली नाही. बाजूला सरकून मला वाट करून दिली. “घ्या, बाबा. तुमची पाळी.”